बाक आधी की झीज आधी?

कमरेच्या रिपोर्टमध्ये 'लॉर्डोसिस (कण्याचा कमरेतला नैसर्गिक, आत वळलेला बाक) कमी' असं आलं म्हणजे बाक गेला आणि त्यामुळेच चकती (दोन मणक्यांमधली गादी, डिस्क) झिजली, असा निष्कर्ष काढणं मला घाईचं वाटतं. उलटंही घडतं. कमरेचा बराचसा बाक एल४ ते एस१ (कमरेचा चौथा मणका ते कमरेखालच्या त्रिकास्थीचा वरचा भाग) या शेवटच्या दोन चकत्यांमध्येच असतो. या चकत्या पुढून उंच, मागून बुटक्या, अगदी पाचरीसारख्या. झिजून त्यांची पुढची उंची कमी झाली की बाक आपोआप सपाट होतो. नेमक्या याच दोन चकत्या सगळ्यात जास्त झिजतात. त्यामुळे एकाच एक्स-रेवरून कारण कुठलं नि परिणाम कुठला, हे सांगता येत नाही.

पण बाकाचा काहीच संबंध नाही असंही नाही. पाठ सपाट असेल तर भार पुढे, चकतीवर जास्त येतो; बाक खोल असेल तर तो मागच्या छोट्या सांध्यांवर सरकतो. शिवाय कुणाचा बाक किती असावा हे बरंचसं कटिभागाच्या (पेल्विसच्या) हाडांच्या ठेवणीवर ठरतं आणि मोठेपणी ती फारशी बदलत नाही. म्हणून सगळ्यांना एकच 'नॉर्मल' आकडा लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक, एमआरआय झोपवून काढतात, तेही बहुधा गुडघ्यांखाली उशी देऊन. त्यात बाक कमीच दिसणार! स्नायू आखडले असतील तरीही तसंच. बाक मोजायचाच असेल तर उभं राहून काढलेला एक्स-रे बघा.