स्कॉर्पिओला ए/टी टायर: गरज की नुसता रुबाब?

घाटमाथा:
235/65 आर17 चे (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायर गोटे झाले की दुकानात पहिला प्रश्न येतो, "ए/टी टाकू का?" ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे टायर. माझं मत स्पष्ट आहे. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबर नाहीतर काँक्रीट असेल तर टाकू नका. ए/टीचे ठोकळे मोठे असतात आणि त्यांच्यावरचे बारीक काप सहसा कमी. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की पाण्याचा पातळ थर फोडून रबर डांबराला टेकवायचं काम हे कापच करतात. शिवाय टायर जड, म्हणजे मायलेज पडणार. ठोकळे झिजत जातील तसा आवाजही वाढणार. त्यापेक्षा चांगले एच/टी, म्हणजे हायवे-टेरेन, पक्क्या रस्त्याचे टायर घ्या आणि दर 8-10 हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा.

जांभादगड:
नव्वद-दहाचा हिशेबच चुकतोय, कारण टायर जायबंदी होतो तो त्या दहांतच. जांभ्याच्या धारदार कडा, कच्च्या रस्त्यावर पसरलेली खडी, पावसाने उघडे पडलेले दगड. एच/टीची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली की आतले धागे तुटतात आणि तिथे लिंबाएवढा फुगा येतो. फुग्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर थेट भंगारात. ए/टीची बाजू बहुधा जाड असते, खांद्यावरचे ठोकळेही खालपर्यंत उतरलेले असतात. आणि पावसाचं म्हणाल, तर नव्या ए/टीचे चर एच/टीपेक्षा खोल असतात. साचलेलं पाणी बाहेर फेकायला ती खोलीच लागते.

घाटमाथा:
साचलेलं पाणी वेगळं, ओला रस्ता वेगळा. ताम्हिणीच्या उतारावर पाणी फारसं साचत नाही, वाहून जातं. मागे राहतो तो निसरडा थर, आणि पहिल्या पावसात त्यात तेल-धूळ मिसळलेली असते. तिथे खोल चरांचा काय उपयोग? काप आणि रबराचा मऊपणा, या दोनच गोष्टी गाडी थांबवतात. फुग्याचा मुद्दा मान्य आहे. पण बरेचसे फुगे हवा कमी ठेवून खड्ड्यात आदळल्यामुळे येतात, त्याला ए/टी हे उत्तर नव्हे. दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा ठेवा, आणि ती सकाळी, टायर थंड असताना मोजा. गाडी पळवल्यावर आकडा 3-4 पीएसआयने चढलेला दिसतो. तो बघून हवा काढलीत तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो. मग समृद्धीवर तासाला 120 ने सलग जाताना साइडवॉल तापते आणि टायर फुटतो.

रेगूर:
ए/टी टाकले म्हणजे चिखलातून गाडी निघते, हा समज आधी काढून टाका. आमच्या काळ्या मातीत चाक चार वेळा फिरलं की चर गच्च भरतात. मग एच/टी काय नि ए/टी काय, दोन्हींचा गुळगुळीत गोळा होतो. गाडी नुसती मागच्या चाकांवर चालणारी असेल तर मागची बाजू आडवी सरकते. हवा उतरवणं हा त्यातल्या त्यात उपाय: 32 वरून 20 पीएसआय. टायर लांबट टेकतो, कमी रुततो. मात्र वेग 30 च्या आत आणि वळण अलगद, नाहीतर टायर रिमवरून निसटेल. डांबर लागताच हवा पुन्हा भरा. पंप बॅटरीला थेट चिमटे लावायचा घ्या, मोठ्या पंपाने लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो. मुरूम आणि खडीवर मात्र ए/टीच घ्यावेत, तिथे मी जांभादगड यांच्या बाजूने.

मोजपट्टी:
ए/टी घेताना साइज वाढवायचा मोह आवरा, खरा घोळ तिथेच होतो. 235/65 आर17 चा व्यास 737 मिमी, 245/70 आर17 चा 775. फरक पाच टक्क्यांचा. मीटरवर 80 दिसताना गाडी 84 ने जात असते. घाटात गिअर जड पडतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. 245/65 आर17 ने फरक पावणेदोन टक्क्यांवर राहतो. मूळ टायरवर भाराचा आकडा 104 असेल, म्हणजे एका टायरला 900 किलो, तर त्याखाली उतरू नका. साइजआधी 'एलटी' (लाइट ट्रक) लिहिलेलं असेल तर तोच भार पेलायला हवा जास्त लागते, तिथे दारावरचा आकडा चालत नाही.

घाटमाथा:
याला दुजोरा. तारीखही बघा. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे 3524 असतील तर टायर 2024 च्या 35व्या आठवड्यातला. "नवाच आहे" म्हणून दोन-अडीच वर्षं पडून राहिलेला माल पूर्ण भावात गळ्यात मारतात.

जांभादगड:
डांबराबद्दलचं तुमचं म्हणणं पटतं, तरी सड्यावरच्या गावात रोज जाणाऱ्याला मी ए/टीच सांगेन. फोर बाय फोर असेल तर चारही एकदम बदला. पुढे गोटे आणि मागे नवे ठेवलेत की व्यासातला फरक फोर-व्हील लावल्यावर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर) ताण आणतो. स्टेपनीही त्याच साइजची हवी, नाहीतर खडीत पंक्चर झाल्यावर फोर-व्हील न लावताच बाहेर पडावं लागेल.