सभासदत्वाचे ब्राँझ-सिल्व्हर-गोल्ड: एक सविस्तर उत्तर

सांजवात
परवा 'माजी खजिनदार' यांनी लिहिलं की प्रत्येक सेवाभावी संस्थेने वेबसाइटवर सभासदत्वाचे तीन स्तर लावावेत, मधल्यावर 'सर्वाधिक पसंती'ची पट्टी चिकटवावी आणि वरचा मुद्दाम इतका महाग ठेवावा की मधला स्वस्त वाटेल. खाली वाहवा झाली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढते.

दीर्घ आजारी माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांचा आमचा आधारगट आहे. मी तिथे अकरा वर्षं काम करते. तीन वर्षांपूर्वी वेबसाइट नवी केली तेव्हा तयार साच्यात तीन रकाने होतेच, आणि आम्ही ते भरत बसलो. ब्राँझला मासिक पत्र. सिल्व्हरला पत्र आणि व्याख्यानांची रेकॉर्डिंग. गोल्डला काय द्यायचं ते सुचेना, कारण वाटण्यासारखं आमच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी समुपदेशकाशी थेट बोलायची वेळ तिथे टाकली. म्हणजे जे सगळ्यात गरजेचं, तेच सगळ्यात महाग रकान्यात गेलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. रकाना रिकामा दिसत होता, एवढंच.

महिन्याभरात एका बाईंचा फोन आला. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यापायी नोकरी सुटलेली. त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं ते असं: "मी ब्राँझ आहे, मला बोलता येईल का?" त्याआधीच्या आठ वर्षांत असा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. तोपर्यंत फोन करणारा माणूस फक्त अडचणीतला माणूस असायचा.

आम्ही ते स्तर काढले. काढताना कळलं की रेकॉर्डिंग वेळेवर चढवणं, कोण कुठल्या स्तरात आहे ते तपासणं, पासवर्ड हरवलेल्यांना उत्तरं देणं यात एका कार्यकर्तीचा आठवड्यातला जवळजवळ एक दिवस जात होता. तो खर्च कुठल्याच हिशेबात नव्हता.

आणि भेटवस्तूंबद्दल. न्यूमन आणि शेन या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रयोग करून दाखवलं की देणगीच्या बदल्यात वस्तू देऊ केली की लोक सरासरी कमी देतात. देणं संपतं आणि खरेदी सुरू होते. देणगीचे टप्पे हवे तितके ठेवा, माझी ना नाही. पण सभासद एकाच दर्जाचा असावा.

माजी खजिनदार
माझ्या लेखातलं सोयीचं तेवढंच उचललंत. पट्टीबद्दलचं वाक्य लेखाच्या शेवटी होतं. त्याआधीचे चार परिच्छेद कशावर होते ते वाचणाऱ्यांना माहीत आहे.

अनुदान प्रकल्पाला मिळतं. जागेचं भाडं, हिशेबनिसाचं मानधन, वीज, छताची गळती, यांना कोणी अनुदान देत नाही. मी नऊ वर्षं जखमी प्राण्यांच्या शुश्रूषा केंद्राचा खजिनदार होतो. वेबसाइटवर नुसतं 'देणगी द्या' हे बटण होतं तेव्हा एखाद्या जखमी प्राण्याचा फोटो पसरला की पैसे यायचे, नंतर तीन-तीन महिने शुकशुकाट. एका वर्षी डॉक्टरांचा पगार दोन महिने थकला. त्यांना तोंड मी दिलं. स्तर लावल्यावर पहिल्यांदा असं झालं की पुढच्या तिमाहीत किती येणार ते मला आधी सांगता आलं.

प्रयोगच हवे असतील तर अर्थशास्त्रज्ञ फाल्कचा २००७ चा वाचा. देणगीच्या पत्रासोबत आधीच पोस्टकार्डांची भेट पाठवली, तेव्हा मोठी भेट मिळालेल्यांपैकी देणगी देणाऱ्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांनी वाढलं. भेट चालतेच. तुमची संस्था वेगळी, तुमचे लोक अडचणीतले. तुमचा अनुभव सगळ्यांच्या गळ्यात बांधू नका.

सांजवात
फाल्कच्या प्रयोगात भेट आधी दिली होती, कोणतीही अट न घालता. न्यूमन-शेनमध्ये ती पैशाच्या बदल्यात होती. तुमचा गोल्ड स्तर दुसऱ्या प्रकारात बसतो. तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतंय.

डॉक्टरांच्या पगाराचं वाचून वाईट वाटलं, ते मनापासून. पण तुम्हाला तारलं ते दरमहा आपोआप येणाऱ्या पैशाने. त्यासाठी स्तर लागत नाहीत, 'दरमहा' अशी एक चौकट पुरते.

पानगळ
दरमहाचा विषय निघालाच आहे म्हणून. एका संस्थेचं सभासदत्व घ्यायला मला दोन क्लिक लागल्या. बंद करायला ईमेल करा, मग फॉर्म भरा, मग 'आमचा प्रतिनिधी संपर्क साधेल'. प्रतिनिधी आला तो पुढच्या वर्षीचे पैसे कापले गेल्यावर. मी चिडून बँकेकडे तक्रार करून पैसे परत घेतले. आता त्या संस्थेचं काम कितीही चांगलं असलं तरी मी तिकडे फिरकणार नाही. ज्या पानावर सभासद होता येतं त्याच पानावर बंद करायचं बटण असलं पाहिजे. बाकी तत्त्वज्ञान नंतर.

चौथी खिडकी
सगळे ब्राँझ-गोल्डवर तुटून पडलेत, पण खरा घात करतो तो 'आजीव सभासद'. आमच्या ग्रंथसंग्रहालयात तीस वर्षांपूर्वी इमारतीसाठी पैसे हवे होते म्हणून आजीव सभासद केले. पैसे दोन वर्षांत विटांत गेले. तेव्हापासून त्या मंडळींना अंक पाठवणं, सभेची सूचना पाठवणं, सगळं फुकट. मी यादी हातात घेतली तेव्हा अनेक पत्रं 'पत्त्यावर नाहीत' म्हणून परत येत होती, आणि कितीतरी जण हयात नसल्याचं त्यांच्या मुलांकडून कळलं.

त्याहून वाईट म्हणजे गणपूर्ती. घटनादुरुस्तीला एकूण सभासदांच्या ठरावीक हिश्श्याची हजेरी लागते. एकूण संख्येत गेलेलेही मोजले जातात. दोनदा सभा बोलावली, दोनदा तहकूब. नाव वगळायचं तर घटनेत तरतूद नाही, तरतूद करायची तर घटनादुरुस्ती हवी, आणि घटनादुरुस्तीला गणपूर्ती नाही. वेबसाइटवर 'लाइफटाइम' असा चौथा रकाना टाकणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

माजी खजिनदार
चौथी खिडकी यांच्याशी सहमत. आजीवची रक्कम मुदत ठेवीत टाकून फक्त व्याज वापरायला हवं होतं, ते कोणी करत नाही. आम्हीही केलं नाही.

पण एक बघा. आश्रयदाते, आजीव, साधारण हे वर्ग संस्थांच्या घटनेत वेबसाइट येण्याच्या फार आधीपासून आहेत. तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. आता तेच इंग्रजी नावाने रकान्यात बसवलं तर एवढा गहजब का?

अक्षरयात्री
कारण तेव्हा 'सभासद' या शब्दाला वजन होतं. सभासद म्हणजे ज्याला सभेत हात वर करता येतो तो. वेबसाइटवर विकतात ते वाचकवर्गणी असते, तिला सभासदत्व म्हणणं ही फसवणूक आहे. लोकांना वाटतं आपण संस्थेचे झालो. प्रत्यक्षात त्यांना ताळेबंदसुद्धा दाखवत नाहीत.

आणि जिथे मत असतं तिथे स्तर काय करतात ते पाहायचं असेल तर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या कामाला आधार देणारं लिनक्स फाउंडेशन पाहा. तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे सभासद आहेत, कंपन्या. प्लॅटिनमवाल्यांना संचालक मंडळावर थेट माणूस बसवता येतो. वैयक्तिक सभासदांनाही संचालक निवडायचा हक्क होता, तो २०१६ च्या जानेवारीत नियमावली बदलून काढला. पैशाच्या पायऱ्या केल्या की एक दिवस खालची पायरी कापली जाते.

उंबरठा
अक्षरयात्री, ती व्यापारी कंपन्यांची संघटना आहे, धर्मादाय संस्था नव्हे. उदाहरण चुकीचं आहे.

आणि मताचं एवढं कौतुक असेल तर लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशामागच्या ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचंही सांगा. २०१८ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर एकाच कंपनीच्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांचे सभासदत्वाचे अर्ज एका झटक्यात आले. सगळे पैसे भरणारे, सगळे नियमात. वेबसाइटवर 'सभासद व्हा' हे बटण आणि त्यामागे मत, म्हणजे संस्थेची किल्ली दाराबाहेर टांगून ठेवणं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २००६ च्या शेवटी नियमावलीतून सभासदत्वच काढून टाकलं. त्यांचं काही बिघडलं?

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या निसर्गमंडळात वार्षिक सभेच्या आधीच्या आठवड्यात साठ नवे सभासद झाले, ऑनलाइन. एकही कधी फेरीला आला नव्हता. सभेत येऊन त्यांनी कार्यकारिणी बदलली, आणि दीड वर्षात मंडळाची जागा ज्याला हवी होती त्याच्याकडे गेली. मी त्या मंडळात वीस वर्षं होतो.

अक्षरयात्री
तुमच्या मंडळाचं ऐकून वाईट वाटलं. पण त्यावरून मतच काढून घ्या म्हणणं म्हणजे चोरी झाली म्हणून घरच पाडणं. अमेरिकेतल्या सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेत २००४ साली बाहेरच्या एका गटाने संचालक मंडळ ताब्यात घ्यायचा जोरदार प्रयत्न केला. सभासद लाखांनी होते. त्यांनी मोठ्या संख्येने मतदान करून त्या गटाचे उमेदवार पाडले. मत होतं म्हणून संस्था वाचली. तुमचे जुने सभासद सभेला का आले नाहीत, हा प्रश्न स्वतःला विचारलात का कधी?

उंबरठा
विचारला. त्यातले तिघे दवाखान्यात होते, एकजण त्याच आठवड्यात गेला. तुम्हाला काय माहीत? घरबसल्या दुसऱ्याला जाब विचारणं सोपं असतं.

अक्षरयात्री
ते वाक्य मी लिहायला नको होतं. माफ करा. मुद्द्यावर मात्र ठाम आहे.

सांजवात
दोघांनीही थोडं थांबावं. धागा मताधिकाराकडे गेलाय, पण जाऊ दे, मूळ प्रश्न तिथेच आहे असं मलाही वाटू लागलंय.

निळी शाई
मी पायथन या संगणकभाषेमागच्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनची सभासद आहे म्हणून सांगते. तिथेही वर्ग आहेत, पण ते एका दिशेने चढत नाहीत. नुसतं नाव नोंदवलं तर फुकट सभासदत्व, मत नाही. वार्षिक वर्गणी भरली तर मत. आणि महिन्याला किमान पाच तास स्वयंसेवी काम करत असाल तरीही मत, वर्गणी न भरता. पैसे नसलेल्याला दार बंद नाही आणि पैसे भरणाऱ्याला जास्तीचं मतही नाही. ओपनस्ट्रीटमॅपनेही पुढे नकाशावर नियमित काम करणाऱ्यांना वर्गणीशिवाय सभासदत्व सुरू केलं.

उंबरठा, तुमच्या मंडळात 'सभासद होऊन अमुक महिने झाल्याशिवाय मत नाही' अशी अट असती तर ते साठ जण त्या सभेपुरते बिनकामाचे ठरले असते. अनेक संस्थांच्या घटनेत अशी अट असते. वेबसाइटवर फॉर्म टाकण्याआधी ती घटनेत आहे का, हे पाहणारा माणूस मात्र मला क्वचित भेटतो.

उंबरठा
आमच्या घटनेत नव्हती. तेवढं मान्य करतो. तरी ओळखदेख नसलेल्याला पैसे घेऊन मत देणं मला पटत नाही, आणि पटणारही नाही.

पानगळ
बंद करण्याच्या बटणाबद्दल कोणीच बोललं नाही.

माजी खजिनदार
पानगळ, बटण असावं. आम्ही ठेवलं नव्हतं, कारण गळती वाढेल अशी भीती होती. खरी गळती वेगळीच निघाली. कार्डाची मुदत संपते, पैसे कापले जात नाहीत आणि सभासद आपोआप बाद होतो, त्याला पत्ताही नसतो. एक साधी आठवण पाठवली की यातले पुष्कळ जण परत येतात. हे मला चौथ्या वर्षी कळलं.

सांजवात, दोन गोष्टी मान्य करतो. 'सर्वाधिक पसंती'ची पट्टी आम्ही पहिल्याच दिवशी लावली होती, तेव्हा एकही सभासद झालेला नव्हता. ते खोटं होतं. दुसरं म्हणजे मदतीची गोष्ट कुठल्याही स्तरात ठेवू नये. तुमच्या त्या बाईंचं वाचल्यावर यावर वाद घालणार नाही.

पण स्तर काढून टाका हे मी मान्य करणार नाही. कोऱ्या चौकटीपुढे माणूस अडखळतो. किती दिले तर बरं दिसेल, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. माझ्या डॉक्टरांचा पगार त्या तीन आकड्यांवर निघाला.

सांजवात
आकडे ठेवा. तीन ठेवा, पाच ठेवा, शेजारी 'जमेल तेवढी' अशी चौकटही ठेवा. त्यांना धातूंची नावं देऊ नका आणि प्रत्येक आकड्याखाली तेच एक वाक्य लिहा: 'सभासद. सभेत एक मत.' तुमच्या डॉक्टरांचा पगार त्यानेही निघेल.

माजी खजिनदार
निघेल की नाही ते केंद्राच्या सध्याच्या खजिनदाराला करून बघायला सांगतो. सभासदत्वाच्या नूतनीकरणाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. जुन्या गोल्डवाल्यांना काय कळवायचं, त्याचा मसुदा तुम्ही लिहून द्या. तुम्ही एकदा हे केलेलं आहे.

सांजवात
पाठवते. आम्ही पत्रं पाठवली नव्हती, एकेकाला फोन केले होते. पंचेचाळीस जण होते, दोघांनी पैसे परत मागितले. ते परत करायची तयारी आधी ठेवा.