कळंब्यातून सुटणाऱ्या व्यसनी बंद्यासाठी पहिले पंधरा दिवस कसे आखावेत?

रंकाळाकाठ
कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात गर्दच्या (हेरॉइनच्या) विळख्यातल्या बंद्यांसाठी गट सुरू करायचा विचार आहे. आतलं ठरलंय: वीसेक जण, रोज सकाळची सभा, कामाच्या पाळ्या, आठवड्यातून दोनदा गटचर्चा. अडतंय ते सुटकेनंतर. गल्लीतली तालीम मदतीला तयार आहे. तिथल्या पोरांनी नेमकं काय करायचं?

घाटावरचा_वड
सगळी तयारी सुटकेच्या दिवसावर टाकू नका. कच्च्या कैद्याचा जामीन कधी होईल याचा भरवसा नसतो. गटात आल्यावर पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी करून ठेवा: न्यायला कोण येणार, दोन फोन नंबर, कुठली ओपीडी, कोणत्या वारी, चालू गोळ्या कोणत्या. एक प्रत घरी, एक समुपदेशकाकडे, एक त्याच्या खिशात.

पहिले दोन आठवडे सगळ्यात घातक. महिनोन्महिने गर्दविना राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, हाताला मात्र जुनंच माप ठाऊक असतं. तेवढंच घेतलं की श्वास मंदावतो आणि थांबतो. घरच्यांना हे आधीच सांगा. घोरल्यासारखा तुटक श्वास, निळसर ओठ, हलवूनही जाग नाही, अशा वेळी 'झोपू दे त्याला' म्हणायचं नाही. कुशीवर वळवा, १०८ लावा, काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवू नका.

ओपीडी_वाली_ताई
गोळ्यांचा घोळ फार होतो. ब्युप्रेनॉर्फिनचा (गर्दची तलफ आवरणाऱ्या गोळीचा) पहिला डोस टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सुरू झाल्यावरच देतात; नाल्ट्रेक्सोनला (नशेचा अंमल रोखणाऱ्या गोळीला) गर्दसारखं अफूवर्गातलं बंद होऊन साधारण ७ ते १० दिवस जावे लागतात. आधी दिली तर टर्की एकदम उसळते, आणि पोरगा औषधालाच घाबरून परत येत नाही. शेजाऱ्याची उरलेली गोळी तर मुळीच नको.

लघवीच्या चाचणीवरून लगेच भांडू नका. जुन्या गांजावाल्याची चाचणी सोडल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

कोर्टाची_पायरी
वकिलाला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ चं कलम ३९ आवर्जून विचारा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट त्याच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत, गांजाचं १ किलोपर्यंत. बंद्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

रंकाळाकाठ
आभारी आहे. आणि तालमीचं काम?

घाटावरचा_वड
दोघंच नेमा, बदलू नका. रोज ठरल्या वेळी एक भेट, पहिले ९० दिवस. रोख पैसे हातात द्यायचे नाहीत. एसटीचं तिकीट काढून द्या, औषध आणून द्या. फाउंड्रीत किंवा लेथवर काम लागलं तर पगाराच्या संध्याकाळी त्याला एकटं सोडू नका, पाय तेव्हाच जुन्या अड्ड्याकडे वळतात. घसरला तर तालमीतून हाकलू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच ओपीडीला घेऊन जा. पोरांना एवढं बजावा: पहारा करायचा नाही, कानशिलात तर अजिबात नाही. मार बसला की तो पुढची घसरण लपवतो, आणि लपून एकट्याने घेणाराच दगावतो.