अनुभव धागा: तुमच्या गावात कचऱ्याचं काय करतात?

कोकमसार
आज आमच्या वाडीत पहिल्यांदाच ग्रामपंचायतीची घंटागाडी आली. शेजारची पोरं 'गाडी इली, गाडी इली' करत मागे धावत होती. ओला-सुका असे दोन डबे मिळालेत. ते बघून आजीची गायरी (शेणखताचा खड्डा) आठवली. फणसाची चारखंडं आधी गुरांपुढे, उरलेलं शेण-राख-पातेऱ्यासोबत गायरीत, माशांची खवलं माडाच्या आळ्यात, नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत. दुधाच्या पिशव्या उलट्या करून धुवायची आणि दोरीवर चिमटे लावून वाळवायची. मग भंगारवाल्याला किलोवर. टाकायला उरायच्या त्या फक्त फुटक्या काचा. त्या कुंपणाकडेला पुरायची, आणि तिकडे अनवाणी फिरकायची आम्हाला बंदी!
तुमच्याकडे कसं होतं, आता कसं आहे? लिहा.

सांगलीची_सून
आमच्यात उकिरडा. उन्हाळ्यात उपसून शेतात. आता त्याच खतातून गुटख्याच्या पुड्या आणि डायपर निघतात. खत विस्कटणाऱ्या बायका शिव्या घालतात, बरोबरच आहे त्यांचं. डायपर ओल्यात की सुक्यात हो? गाडीवाला म्हणतो, वहिनी मला नका विचारू.

निशाचर
ओलाच की तो 😂

भटका_जोशी
@सांगलीची_सून, २०१६च्या घनकचरा नियमांत डायपर, पॅड घट्ट गुंडाळून सुक्याच्या डब्यात टाका असं होतं. पण पुढे हाताने निवडणारी बाई असते. वेगळी पिशवी करून गाडीवाल्याला सांगून द्या.

आबा_६८
भंगारवाला आम्हाला लोखंडावर खारे शेंगदाणे द्यायचा. धाकट्या भावाने विळ्याची मूठ काढून पातं दिलं होतं. वडिलांनी काय केलं ते इथे लिहित नाही.
२०१८च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देणार होते, आठवतंय का कोणाला? आमच्या दुकानदाराला आठवत नाही.

मनीमाऊ
केसांवर फुगे!! आईचा गुंतवळ भिंतीच्या फटीत साठवलेला असायचा, फुगेवाला आला की आम्ही बहिणी भांडायचो. ई वाटतं आता. (कुकर झाला, नंतर लिहिते)

शिकोकूकर
मी जपानात, शिकोकूवर. आमच्या तोकुशिमा प्रांतात कामिकात्सु नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. २००३ साली शून्य कचऱ्याचं ठरवलं, आणि आता चाळीसहून जास्त प्रकारांत निवडतात. घंटागाडीच नाही! ओलं घरीच खतात, बाकीचं लोक स्वतः केंद्रावर नेऊन देतात. आमच्या गावी इतकं नाही, पण चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली की स्टिकर लावून तिथेच सोडतात. येताजाता सगळी आळी वाचते. दुधाचं खोकं धुऊन, कापून, सपाट वाळवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा आईची आठवण आली.

निशाचर
चाळीसहून जास्त?? आमच्या घरात दोन डब्यांवरून महाभारत चालू आहे. बाबा चहाचा गाळ सुक्यात टाकतात, म्हणे वाळलेला होता.

कोकमसार
😂😂 बाबांचं चुकलं नाही.

गजाली
एवढं लांब कशाला, वेंगुर्ल्याला जा. रामदास कोकरे मुख्याधिकारी होते तेव्हा डम्पिंग ग्राउंडचं रूप पालटलं. झाडं लावली, लोक तिकीट काढून कचरा बघायला यायला लागले. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. आमच्या गावात मात्र निवडलेले दोन्ही डबे गाडीत एकत्रच ओततात, मग सासूबाई म्हणतात, निवडू कशाला? त्यांना काय उत्तर देणार.

सांगलीची_सून
हेच! हेच आमच्याकडे.

मनीमाऊ
वेंगुर्ल्याहून येताना खाजं आणा कोणीतरी. आल्याचं.

कोकमसार
खाजं मालवणचं गो, मनी. जत्रेतलं तर अजून भारी.

गजाली
आमच्या जत्रेतलं खाऊन बघ आधी, मग बोल 😏

भटका_जोशी
विषय निघालाच आहे तर, फलटणच्या आसपास गांडूळं कुठे मिळतील? आणली होती ती कोंबड्यांनी संपवली.