विषय: भाच्याला बँकेत इंटर्नशिप लागलीय, कुणी केलीय का?

प्रेषक: लातूरची काकू, एडिसन

सगळ्यांना नमस्कार. माझ्या बहिणीचा मुलगा इथं एमएस फायनान्स करायलाय, त्याला पुढच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधी एका इन्व्हेस्टमेंट बँकेत इंटर्नशिप लागलीय, दहा आठवडे. बहीण औशाहून रोज फोन करती, तिला वाटतंय पोरगा काउंटरवर नोटा मोजायला बसणार, आन शेजारीण म्हणती एवढं कर्ज काढून अमेरिकेला कशाला पाठवलं, हितं जिल्हा बँकेत लागला असता की. मला बी नीट सांगता येईना. नेमकं काम काय असतंय, रात्र रात्र घरी सोडत नाहीत म्हणतात ते खरं का, आमच्याकडं न्यू जर्सीत एडिसनला राहिला तर जमंल का, सूट किती लागतेत. गणपतीच्या मीटिंगला कुणीतरी म्हणलं परभणीकडचा एक पोरगा यंदाच करून आलाय म्हणून. तो लिस्टवर असंल तर लिही रे बाबा.

प्रेषक: मानवतचा, जर्सी सिटी

काकू नमस्कार, तो परभणीकडचा मीच. उशीर झाला, मिडटर्म चालू होत्या.

मावशीला असं सांगा की मोंढ्यात शेतकरी आणि खरेदीदाराच्या मधी आडत्या असतो ना, तसं कंपनी विकणारा आणि घेणारा यांच्या मधी ही बँक. मालाचा भाव किती यावा ते सांगायचं, गिऱ्हाईक आणायचं, सौदा झाला की आडत घ्यायची. आणि बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात तसंच इथंही गुपचूप, प्रत्येक सौद्याला टोपणनाव, लिफ्टमधे खरं नाव घ्यायचं नाही. आता ह्या सगळ्यात इंटर्न काय करतो तर पानं करतो. एक्सेलमधे आकडे, पॉवरपॉइंटमधे तक्ते, तळटिपा, लोगो एका रेषेत आहेत का ते बघणं. पहिल्या आठवड्यात माझा माऊस एका अनॅलिस्टनं, म्हणजे इंटर्नच्या वरच्या पायरीवरच्यानं, काढून ड्रॉवरमधे ठेवला, म्हणे कीबोर्डनी शिक. तेव्हा राग आला होता, आता माऊस हातात धरवत नाही.

वेळेचं म्हणाल तर गंमत अशी आहे की दिवसा फारसं काम नसतं. सकाळी साडेनऊला जायचं, दुपारी अधूनमधून रिकामंच बसायचं, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला मोठे साहेब मीटिंगा उरकून लाल पेनानी खुणा केलेली पानं पाठवणार, तिथून खरा दिवस सुरू. माझं बऱ्याचदा रात्री एक-दीड व्हायचं, दीडला मी टॅक्सीत बसायचो तेव्हा तिकडं सकाळचे अकरा, आईचा फोन त्याच वेळेला. उशीर झाला की जेवण आणि गाडी ऑफिसकडून असते पण एडिसनला ठेवू नका काकू, रागावू नका. रात्री दोनला तिथवर पोचून सकाळची ट्रेन धरायची म्हणजे झोप संपली. मॅनहॅटनमधे उन्हाळ्यात कॉलेजच्या खोल्या इंटर्न लोकांना भाड्यानं मिळतात, नाहीतर नदीपलीकडं जर्सी सिटी, तिथून न्यूयॉर्कला पाथ ट्रेन चोवीस तास असते. सूट दोन पुरे, टाय मी तीनदा लावला. बूट मात्र चांगले घ्या.

कागदाचं जास्त महत्त्वाचं. सीपीटी, म्हणजे शिकत असताना काम करायची परवानगी, आय-२० वर, म्हणजे कॉलेज देतं त्या व्हिसाच्या कागदावर, छापून हातात आल्याशिवाय पहिल्या दिवशी सुद्धा काम सुरू करायचं नाही, नुसतं अर्ज केलाय म्हणून चालत नाही. पूर्ण वेळ सीपीटी १२ महिने झालं तर पुढचं ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, जातं, पण दहा आठवड्यानं काही होत नाही, त्याची भीती नको. आणि पहिली पगारपत्रक आली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे इथल्या पेन्शनचा आणि म्हातारपणीच्या दवाखान्याचा कर, कापलंय का बघायला सांगा. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे ते लागत नाही, दोन्ही मिळून ७.६५ टक्के जातात. माझे कापले होते, पेरोलला मेल केला, दुसऱ्या पगारात परत आले. सोबतच्या एकानं बघितलंच नाही.

आता एक सांगतो, लिहू की नको विचार करत होतो. माझ्या पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. शाळेत असताना मे-जूनमधे मी गल्ल्यावर बसायचो, मृग लागायच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, ऑक्टोबरात हरभऱ्याची थोडी गर्दी, आणि जानेवारीत पप्पा पेपर वाचत बसलेले. तर झालं असं की पाचव्या आठवड्यात माझ्याकडे नेमका बियाण्याच्या कंपन्यांचा तक्ता आला. कंपनीच्या किमतीला तिच्या इबिटडानं भागायचं, म्हणजे व्याज, कर, घसारा धरायच्या आधीचा नफा, आणि बघायचं कुठली कितीपट भावानं चाललीय. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, आपल्याकडच्यांचं ३१ मार्चला, मग शेजारी शेजारी लावायचे कसे. तर २०२४ साठी मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षाचा पाव हिस्सा आणि मार्च २०२५ ला संपलेल्याचा पाऊण हिस्सा घ्यायचा. सगळीकडे असंच करतात, मीही फॉर्म्युला खाली ओढला आणि सोडून दिला.

सोडून दिला पण डोक्यातून जाईना. पाव हिस्सा म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि जानेवारी ते मार्चमधे बियाणं घेतंय कोण? मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षातला पावसाळा २०२३ चा, तो कोरडा ऑगस्ट आठवतोय ना सगळ्यांना, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. २०२४ ला पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला. तक्त्यातल्या आपल्याकडच्या एका कंपनीचा धंदाही दुसऱ्या वर्षी बराच वाढलेला. म्हणजे सरळ पाव-पाऊण केलं की वाईट वर्षाचा पाव भाग उगीच आत येतो, खरं तर त्या तिमाहीत धंदा जवळजवळ नसतोच. हे मला गुरुवारी रात्री बसल्या जागी कळलं होतं. आणि मी बोललो नाही. समोर सगळे मोठ्या कॉलेजातले, त्यांच्यात मी काय सांगणार, आमच्या दुकानात जानेवारीत गिऱ्हाईक नसतं म्हणून? वाटलं हसतील.

शनिवारी पप्पांना सहज विचारलं तर ते म्हणाले, "अरे हे काय विचारतोस, तू स्वतः बसलास की गल्ल्यावर." रविवारी दुपारी असोसिएटला, म्हणजे अनॅलिस्टच्या वरच्या मॅडमला, सांगितलं. ती आधी वैतागली, कारण पानं सोमवारी सकाळी जायची होती. मग म्हणाली तिमाहीचे आकडे आण. भारतात लिस्टेड कंपन्यांना दर तिमाहीला निकाल द्यावेच लागतात, बसून एकेक पीडीएफ उघडली, अर्ध्यांत आकडे लाखात, अर्ध्यांत कोटीत, ते मिलियनमधे आणता आणता पहाटेचे तीन. त्या कंपनीचं १३.८ पट होतं ते १३.२ पट झालं. एवढंच. तळटीप बदलली. आणि सोमवारी एमडीनं, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर साहेबांनी, ते पान उचलून पार मागं अपेंडिक्समधे टाकलं, मीटिंगमधे कुणी उघडलं पण नसेल.

पण शेवटच्या रिव्ह्यूत असोसिएटनं तेच काढलं. आकडा बरोबर होता म्हणाली, पण गुरुवारी माहीत होतं तर रविवारी का सांगितलंस? मला उत्तर देता आलं नाही. ऑफर आली, पण कागदावर लिहिलेलं आहे, बोलायला उशीर करतो.

प्रेषक: नांदेडकर काका, डॅलस

पोरा, चांगलं लिहिलंस, पण मला एक कळेना, ही हमालीच झाली की. हमालाला निदान पोत्यामागं मोजून मिळते. लंडनमधे २०१३ ला ऑगस्टमधेच एक इंटर्न गेला, २१ वर्षांचा, दिवस-रात्र काम करत होता म्हणून किती छापून आलं होतं. मी आयटीत २४ वर्षं काढली, रात्रीचे रिलीज मीही केले, पण रोज रोज नाही. काकू, भाच्याला पैशाच्या नादानं ढकलू नका असं माझं मत. राग मानू नये.

प्रेषक: मानवतचा, जर्सी सिटी

काका, राग कसला. ती केस आम्हाला पहिल्याच आठवड्यात एका सिनियरनं सांगितली. चौकशीत मृत्यू फिटनं झाला असं निघालं, थकव्यामुळं फिट आली असू शकते पण तसं सिद्ध झालं नाही. त्यानंतर काही बँकांनी इंटर्नना मध्यरात्रीनंतर थांबू द्यायचं बंद केलं, आणि २०२४ मधे जेपी मॉर्गननं ज्युनिअर लोकांना आठवड्याला साधारण ८० तासांची मर्यादा घातली. ८० तास ही मर्यादा आहे बरं का, ह्याच्यावरून काय ते समजा. माझा सगळ्यात जड आठवडा ९१ चा होता, त्या आठवड्यात आईचा फोन तीनदा कट केला. हमाली म्हणालात ते मी खोडणार नाही. पण तीस लाखाचं कर्ज आहे काका, दुकान तारण आहे. एक-दोन वर्षं करेन, पुढचं तेव्हा बघू.

प्रेषक: लातूरची काकू, एडिसन

वाचलं रे दोघांचं. बहिणीला मोंढ्याचं सांगितलं, तिला लगेच समजलं, म्हणाली मग आडत किती टक्के? ते मला बी माहीत नाही, कळव. एडिसनचं काही नाही बाबा, खोली बघू तिकडंच. पण रविवारी तू आमच्याकडं जेवायला ये, येसर आलंय औशाहून, आमटी करते, धपाटे बी. भाचा यायलाय. पगारपत्रकाचं आन त्या सीपीटीचं तूच त्याला समोर बसवून सांग. आन ते गुरुवार-रविवारचं पण सांग, आधी तेच सांग, कारण हा बी घुम्या आहे, दोन महिने खोलीतला हीटर बंद होता तर घरमालकाला बोलला नाही, स्वेटरवर स्वेटर घालून बसला.