मदत हवी आहे: औषध देऊनही घोडीच्या रक्तचाचणीत फीतकृमी 'जास्त'

इंग्लंडमध्ये चेशायरला नऊ वर्षांची घोडी आहे, आणखी पाच घोड्यांबरोबर एकाच कुरणात चरते. एप्रिलअखेर आयव्हरमेक्टिन (गोलकृमींवरचं औषध) आणि प्राझिक्वांटेल (फीतकृमींवरचं) यांची पेस्ट पिचकारीवरच्या ४५० किलोच्या खुणेपर्यंत दिली. सात आठवड्यांनी रक्त तपासलं, तर फीतकृमींच्या अँटीबॉडी 'जास्त'. लिदीत मात्र एकही अंडं नाही. औषध लागू पडलं नाही का? लगेच परत द्यावं का? तिच्या तीन महिन्यांच्या शिंगराचंही रक्त पाठवावं का?

प्रतिसाद १
या निकालावरून औषध फसलं असं म्हणता येत नाही. चाचणी जंत मोजत नाही, त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी मोजते. जंत मेले तरी त्या रक्तात चार-पाच महिने रेंगाळतात. सात आठवड्यांनी रक्त काढणं म्हणजे जुनाच संसर्ग पुन्हा मोजणं. चार महिने होऊ द्या, ऑगस्टअखेर परत पाठवा. लाळेतल्या अँटीबॉडी लवकर उतरतात, त्यामुळे लाळेची चाचणी तीन महिन्यांनीही चालते. फक्त त्याआधी अर्धा तास तोंडात चारा किंवा लगाम नको.

लिदीच्या निकालावर विसंबू नका. घोड्यांमधल्या नेहमीच्या फीतकृमीची (अनोप्लोसेफाला परफोलिएटा) अंडी सुटी पडत नाहीत, जंताच्या तुटलेल्या खंडांतून बाहेर येतात. लिदीच्या एका गोळ्यात भरपूर, शेजारच्यात शून्य. लिदीतली अंडी मोजायच्या नेहमीच्या मॅकमास्टर पद्धतीत तर दोन-चार ग्रॅमच लीद वापरतात.

शिंगराचं रक्त आत्ता नको. चिकातून मिळालेल्या आईच्या अँटीबॉडी त्याच्या रक्तात असतात, निकाल आईचा येईल.

पुढच्या वेळी रक्त साध्या नळीत घ्या, गोठू न देणारं रसायन असलेली नळी नको. अर्धा ते एक तास खोलीच्या तापमानाला उभी ठेवा, सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) वेगळं झालं की तेच पाठवा. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये ठेवलं तर पेशी फुटतात आणि सीरम लाल होतं, तो नमुना वाया गेला.

प्रतिसाद २
४५० किलो हा आकडा अंदाजे होता का? टेपने मोजा: छातीचा घेर (सेंमी) गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून, श्वास सोडल्यावर घ्या.

धागाकर्ता
अंदाजच होता. घेर १९०, लांबी १७०.

प्रतिसाद २
म्हणजे ५१७ किलो. पेस्ट प्रति किलो ०.२ मिग्रॅ आयव्हरमेक्टिन आणि १.५ मिग्रॅ प्राझिक्वांटेल अशी असेल, तर घोडीला प्राझिक्वांटेल प्रति किलो १.३ मिग्रॅ मिळालं. फीतकृमींना १ मिग्रॅ पुरतं, तेव्हा त्या बाजूने काळजी नको. आयव्हरमेक्टिन मात्र ०.१७ वर आलं, आणि कमी मात्रेतूनच गोलकृमी औषधाला सरावतात. ही चूक जास्त गंभीर आहे.

प्रतिसाद १
सहमत. म्हणून आत्ता पुन्हा पेस्ट देऊ नका, फीतकृमींसाठी ही पेस्ट दिली की प्रत्येक वेळी आयव्हरमेक्टिनही विनाकारण पोटात जातं. ऑगस्टअखेर पुन्हा 'जास्त' आलं, तर खऱ्या वजनाने डोस द्या आणि बाकी पाचही घोडे तपासा. तोवर कुरणातून नवा संसर्ग झालेला असू शकतो: लिदीतली अंडी गवतातले माइट (कोळ्यांच्या जातीचे अगदी बारीक जीव) खातात, त्यांच्या शरीरात अळी दोन ते चार महिन्यांत तयार होते आणि ते माइट गवताबरोबर घोड्याच्या पोटात जातात. लीद आठवड्यातून दोनदा उचला.

मधल्या काळात पोटात कळ आली, घोडी जमीन उकरू लागली, वळून कुशीकडे बघू लागली, तर चाचणीची वाट न बघता डॉक्टरला बोलवा. हे जंत लहान आतडं आंधळ्या आतड्याला मिळतं तिथेच घोसाने चिकटतात आणि तिथेच चारा अडकतो.