युरोपातले राजवाडे : तुमचे पाय कुठे थबकले?

गेल्या मे महिन्यात आई-बाबांना व्हिएन्ना दाखवायला नेलं होतं. शोनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत, त्यातल्या चाळीसेक आपल्याला बघायला मिळतात. सोनेरी वेलबुट्टी, झुंबरं, आरसे हे सगळं बाबा मान डोलावत बघत चालले होते आणि एका खोलीत एकदम थांबले. ती ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफची निजायची खोली. भिंतीलगत एक लोखंडी खाट, जुन्या सरकारी विश्रामगृहात असायची तसलीच. जवळ प्रार्थनेला गुडघे टेकायची लाकडी चौकी. बास. १८४८ पासून १९१६ पर्यंत, म्हणजे अडुसष्ट वर्षं ज्यानं राज्य केलं, तो या खाटेवर निजायचा, पहाटे अंधारात उठायचा आणि शेजारच्या खोलीत कागदपत्रं वाचत बसायचा. १८३० साली याच राजवाड्यात जन्मला आणि २१ नोव्हेंबर १९१६ ला याच खाटेवर गेला.

बाबा छत्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पहिली गाडी सुटायच्या आत डेपोत हजर. ते बराच वेळ त्या खाटेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पहाटेची ड्यूटी केलीय गं यानं आयुष्यभर."

आईचं वेगळंच. मारिया थेरेसा राणीला सोळा मुलं झाली, हे मी तिला वाचून दाखवलं. "आणि राज्य कोण सांभाळत होतं?" तीच, म्हटलं. मग आईनं विचारलं, "सगळ्यात धाकटी मुलगी कुठे दिली?" फ्रान्सला, १७७० साली, वय वर्षं चौदा. मारी आंत्वानेत, पुढे फ्रान्सची राणी झाली ती. "माहेरी आली का गं ती परत कधी?" नाही आली. बाहेर बागेत टेकडीवरच्या ग्लोरिएट नावाच्या कमानींच्या मंडपाकडे जायचा रस्ता एवढा सुंदर आहे, पण आई खालीच बाकावर बसून राहिली.

तेव्हापासून मनात होतं की इतरांचंही ऐकावं. तिकिटाचे दर आणि हॉटेलं कुठेही सापडतात. तुम्ही कशापाशी थांबलात आणि का, ते लिहा.

*

तुमच्या आईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही, ताई. त्या मुलीची सासरची खोली मी बघितली आहे, व्हर्सायला.

मी नाशिकची. एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते. व्हर्सायचा तो प्रसिद्ध आरसेमहाल ७३ मीटर लांब, ३५७ आरसे. १८७१ ला जर्मन साम्राज्याची घोषणा तिथंच झाली आणि १९१९ ला पहिल्या महायुद्धाचा तहही तिथंच. गर्दी मी म्हणत होती. तिच्याबरोबर पुढे ढकलले जाता जाता आपण राणीच्या शयनगृहात पोचतो. राजघराण्यातली एकोणीस मुलं याच खोलीत जन्मली, आणि तीही दरबाराच्या देखत! मूल बदललं नाही याला साक्षीदार हवेत म्हणून खोली माणसांनी भरलेली असायची. १७७८ च्या डिसेंबरात मारी आंत्वानेतचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा गर्दीनं जीव गुदमरून ती बेशुद्ध पडली, असं सांगतात.

आमच्या वॉर्डात पहिलटकरीण घाबरली की मी आधी सगळ्यांना बाहेर काढायची. सासू असो नाहीतर नगरसेविका असो. मग पडदा ओढायचा, तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, आता आपण दोघीच. त्या मुलीला असं म्हणणारं कुणी होतं की नव्हतं, हेच तिथं उभ्या उभ्या डोक्यात येत होतं.

पलंगाच्या डाव्या अंगाला भिंतीच्या रेशमी कापडातच एक दार आहे. कापडावर फुलांचे गुच्छ, फिती, मोरपिसं. दार मिटलेलं असलं की नक्षी नक्षीला मिळते, नुसती एक बारीक रेघ राहते. फ्रेंच राज्यक्रांतीत, ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे पॅरिसहून आलेला जमाव आत घुसला तेव्हा ती याच दारानं राजाच्या महालाकडे पळाली. मी ती रेघ शोधून काढली आणि तिच्यासमोरून मला हलवेना. लेक हाका मारत पुढच्या दालनातून परत आली.

*

म्युनिकला राहतो, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नॉयश्वानस्टाइन दाखवतो. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजानं १८६९ साली बांधायला घेतलेला किल्ला. स्वतः तो तिथे जेमतेम १७२ दिवस राहिला. १३ जून १८८६ ला तळ्यात त्याचा मृतदेह सापडला आणि सात आठवड्यांत किल्ला तिकीट लावून लोकांना खुला झाला. सिंहासनाचं दालन आहे, सिंहासन नाही. ते घडायच्या आतच राजा गेला. त्या मोकळ्या चौथऱ्यापाशी सगळे पाहुणे गप्प होतात.

तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. पायथ्यापासून अर्धापाऊण तास चढ आहे. आई-वडील बरोबर असतील तर बस किंवा घोडागाडी करा, पायी नेऊ नका.

*

आम्ही ठाण्याचे. सहलवाल्यांनी टॉवर ऑफ लंडनला सगळा मिळून पाऊण तास दिला होता. त्याचा मला आजही राग आहे. नऊशे वर्षांहून जुनी वास्तू, राजांचा वाडाही तीच आणि कैदखानाही तीच, आणि आम्ही घड्याळ बघत पळतोय. म्हणून दोन वर्षं पैसे साठवून आम्ही तिघं आपले आपण परत गेलो.

राजमुकुटांच्या दालनात सरकता पट्टा आहे. त्यावर उभं राहायचं, काचेपलीकडून मुकुट सरकत जातात. कोहिनूर आहे तो १९३७ साली राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे नंतरच्या राजमातेसाठी, घडवलेल्या मुकुटात, पुढच्या बाजूला. आज तो १०५.६ कॅरटचा आहे. इथून गेला तेव्हा १८६ होता. १८५२ ला त्याला पुन्हा पैलू पाडले. लेकीला मी सांगत होतो की १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा तहात हिऱ्याचं वेगळं कलमच होतं आणि त्यावर महाराजा दुलीपसिंगांची सही घेतली. ती म्हणाली, "बाबा, ते केवढे होते तेव्हा?"

दहा वर्षांचे.

लेक त्या आठवड्यातच दहाची झाली होती. पट्टा संपला की मागे जाऊन पुन्हा उभं राहता येतं. ती चार वेळा गेली. बाहेर आल्यावर तिनं एकच विचारलं, "सही करताना त्यांची आई कुठे होती?" तिला आधीच कैद करून मुलापासून तोडलं होतं, हे सांगताना माझा आवाज नीट निघेना.

*

दादा, नाशिकची मीच पुन्हा. त्या आईचं, राणी जिंदकौरचं, पुढचं आमच्या गावात घडलं आहे. मायलेकरांची भेट १८६१ मध्ये कलकत्त्याला झाली, तब्बल तेरा वर्षांनी. मग ती मुलाबरोबर इंग्लंडला गेली आणि १८६३ ला लंडनमध्ये वारली. तिकडे तेव्हा दहन करू देत नसत. दुलीपसिंगांनी पुढच्या वर्षी पार्थिव बोटीनं मुंबईला आणलं. पंजाबात न्यायला सरकारनं मनाई केली, म्हणून अग्निसंस्कार नाशिकला, गोदाकाठी झाला. पुढे १९२४ मध्ये नातीनं अवशेष लाहोरला नेले. लेकीला सुट्टीत नाशिकला घेऊन या. मी नदीवर नेईन तिला.

*

मी फोंड्याचा. लिस्बनला गेलो तो आजोबांच्या डोळ्यांनी बघायला. पोर्तुगीज शाळेत त्यांनी लिस्बोआचा नकाशा पाठ केला होता, गाव मात्र कधी बघितलं नाही.

नदीकाठी भलंमोठं पटांगण आहे. नकाशावर नाव वेगळं असलं तरी तिथली माणसं त्याला अजून तेरेरु दु पासु म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. राजवाडा मात्र नाही! १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि मागोमाग आलेल्या लाटांत, आगीत तो गेला. त्याच राजवाड्याच्या तळमजल्यावर काझा दा इंदिया, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी होती. आपल्या किनाऱ्यावरून गेलेली मिरी तिथं उतरायची. जोझे राजाला भूकंपाची इतकी धास्ती बसली की पुढे दगडी छपराखाली तो राहिलाच नाही. अजुदाच्या टेकडीवर लाकडी वाडा बांधून राहिला. तो १७९४ ला जळला आणि त्या जागेवर आजचा अजुदा राजवाडा आला.

पण मी थांबलो बेलेंच्या बुरुजापाशी. तिथं एका टेहळणीच्या घुमटीखाली दगडात गेंड्याचं डोकं कोरलं आहे. पावसापाण्यानं झिजलंय, शिंग ओळखू येत नाही, दाखवल्याशिवाय दिसणारही नाही. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला गेंडा दिला, त्यानं तो गोव्याहून मानुएल राजाला पाठवला. चार महिने समुद्रावर काढून २० मे १५१५ ला तो इथं उतरला. बरोबर त्याचा माहूत होता, ओसें नावाचा. राजवाड्याच्या अंगणात गेंड्याची हत्तीशी झुंज लावली, हत्तीनंच पळ काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजानं गेंडा पोपला भेट म्हणून जहाजात चढवला आणि पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंड्यावर लिहिलेलं पुष्कळ सापडतं. मला त्या ओसेंचं वाटत राहिलं. भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, आणि अख्ख्या गावात आपलं म्हणावं असं एकच जनावर.

*

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. सांगलीकडचा. स्पेनमध्ये ग्रानादाचा अल्हंब्रा बघितला आणि वाटलं, हे आपल्या खात्यातल्या प्रत्येकाला दाखवायला हवं.

टेकडीवर राजवाडा, नदी खाली. पाणी वर आलं कसं? दारो नदीला वरच्या अंगाला अडवून सुमारे सहा किलोमीटरचा पाट काढला आहे, डोंगराच्या कुशीनं, उतार राखत. पंप नाही, मोटार नाही. त्याला ते असेकिया म्हणतात, शब्द मूळचा अरबी. सिंहांच्या चौकात बारा दगडी सिंह आहेत आणि चौकाच्या चारी बाजूंना पाण्याच्या चार चाऱ्या. कारंज्याच्या कठड्यावर इब्न झमरक या दरबारी कवीची कविता कोरली आहे, पाणी कुठलं आणि संगमरवर कुठला हे कळेनासं होतं या अर्थाची.

वरच्या हेनेरालिफे बागेत एक जिना आहे. त्याच्या दोन्ही कठड्यांवर पन्हळी आहेत आणि त्यातून पाणी खाली धावतं. कठड्यावर हात ठेवायला गेलो की हात पाण्यात. जुलैचं ऊन, अडतीस अंश, आणि मनगटापर्यंत बर्फाळ डोंगरावरचं गार पाणी. प्रत्येक वळणावर एक गोल टाकं आहे. तिथं पाणी क्षणभर थांबतं आणि वेग मोडून पुढच्या टप्प्याला लागतं. पाण्याची ताकद अशी टप्प्याटप्प्यानं मारायची, हे आम्ही कालव्याच्या धबधब्यांवर आयुष्यभर केलं. आमचं सिमेंटचं होतं. इथं त्याचाच जिना केलाय. मी तीनदा चढलो-उतरलो. बायको खाली लॉरेलच्या सावलीत बसून हसत होती. १४९२ च्या २ जानेवारीला शेवटच्या सुलतानानं किल्ल्या दिल्या. पाणी अजून चालूच आहे.

*

मी कोल्हापूरचा, म्हणून फ्लोरेन्सचं लिहितो. पित्ती राजवाडा सगळे बघतात. १८६५ ते १८७१ फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती, तेव्हा राजा तिथं राहायचा. आणि त्याच काळात आमचे महाराज त्या गावात वारले. दुसरे राजाराम महाराज, राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, परतीच्या वाटेवर फ्लोरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला गेले. वय वीस.

दहन करू द्या म्हणून बरोबरच्या माणसांनी परवानगी मागितली. गावाला ही रीत अनोळखी, तरी खास बाब म्हणून परवानगी मिळाली. जागा निवडली आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावरची. आपल्याकडे निवडली असती तशीच. हिवाळ्याच्या रात्री, अनोळखी नदीकाठी त्या माणसांनी चिता रचली. वर जिंदराणीचं वाचून मला हेच आठवलं. १८७४ मध्ये तिथं छत्री उभारली, आराखडा मँट यांचा. पुढे आमचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट.

कास्चिने नावाच्या मोठ्या बागेच्या पार टोकाला ही जागा आहे, पर्यटक फिरकत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. चार खांब, वर घुमट, भोवती लोखंडी कुंपण आणि आत अर्धपुतळा. पांढरा संगमरवरी नाही, रंगवलेला! डोक्यावर पागोटं, अंगावर दागिने, चेहरा सावळा आणि मिसरूड फुटलेल्या पोराचा. गेले आठ दिवस पांढरेफेक पुतळे बघत होतो. त्यात हा एकदम घरचा माणूस दिसला. बायकोनं चप्पल काढली. मीही काढली.

जवळून मोठ्या रस्त्याचा पूल जातो, त्याचं नावच इंदियानो. महाराजांवरून पडलेलं. कुत्रं फिरवायला आलेले एक म्हातारे गृहस्थ आमच्याशी थांबले आणि छत्रीकडे हात करून विचारलं, "इंदियानो?" ते महाराजांचं सांगत होते की आम्हाला विचारत होते, नक्की कळलं नाही. मी म्हटलं, "सी. कोल्हापूर." त्यांनी टोपी काढली.

*

काका, पुढच्या वर्षी आई-बाबांना घेऊन इटलीला जायचं ठरतंय. तिथं पोचायचं कसं?

*

स्टेशनवरून ट्रामनं कास्चिनेला उतरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून सरळ चालत राहा. पाऊण तास लागेल, पण सगळी सपाटी आहे आणि दोन्हीकडे झाडं आहेत. मंगळवारी सकाळी बागेत बाजार भरतो, तेवढा वार टाळा. दुसरी नदी आडवी आली की थांबा. तिथंच आहे. वाटेत बाकं आहेत, बाबांना जमेल.